शेवट सांगायचा नाही

पवनारहून वर्ध्याला जाणाऱ्या बसमध्ये एका बाईनं मला पहिल्यांदा ओळखलं, तेव्हा तिच्या मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं होतं. वाडीतली भाजी घेऊन ती बाजाराला निघाली होती. बराच वेळ माझ्याकडे टक लावून पाहिल्यावर ती म्हणाली, "तुमी त्या केबलवरच्या पिच्चरवाल्या मॅडम नोहे का?"

मी हो म्हटलं. मला बरंही वाटलं.

"तिथं गोऱ्या दिसता," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "अन् त्या सरायले मंधातच तोडता. त्यायले बोलू देत जा."

वर्ध्याच्या स्थानिक केबल चॅनलवर दर शनिवारी संध्याकाळी नव्या सिनेमांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो. नंतर तो मोबाइलवरही पाहता येतो. दोघं जण समोरासमोर बसून त्या आठवड्याच्या सिनेमावर बोलतात. त्यातले एक सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. ते सिनेमाला शंभरपैकी गुण देतात आणि कुठे किती कापले तेही सांगतात. "नाच नसता तरी चाललं असतं, त्याचे चार गेले. बाप मेला आणि मुलाच्या केसाचा भांगसुद्धा विस्कटला नाही, त्याचे सहा गेले." अर्धं वर्धा त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या गुणांवर कोणी वाद घालत नाही. त्यांच्यासमोर आधी एक बाई बसायच्या, फार हजरजबाबी. नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या नागपूरला गेल्या आणि त्यांच्या जागी मी आले. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चॅनलचे मालक कॉलेजच्या समारंभाचं शूटिंग करायला आले होते, तिथे मी एका सिनेमावर दहा मिनिटं बोलले आणि ते त्यांना आवडलं. एवढीच माझी पात्रता.

सिनेमाची गोडी मात्र बाबांकडून आलेली. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. वर्ध्याला एखादा सिनेमा पाहून आले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारासमोरच्या ओट्यावर बसून ते तो सिनेमा सांगायचे. पहिल्या पाटीपासून शेवटच्या दृश्यापर्यंत, काही न वगळता. ऐकणाऱ्यांमधल्या कितीतरी बायांना तो सिनेमा कधी पाहायला मिळणार नव्हता. बाबांनी सांगितला तोच त्यांचा सिनेमा.

आमच्या कार्यक्रमाचा नियम नेमका उलटा होता. शेवट सांगायचा नाही. सर म्हणायचे, "उत्तर आधीच फळ्यावर लिहिलं तर गणित कोण सोडवील?" मलाही ते पटत होतं.

कार्यक्रम चालू असताना खालच्या पट्टीत एक व्हॉट्सॲप नंबर फिरतो. त्यावर आलेले सगळे मेसेज मालक रविवारी सकाळी मला पाठवून देतात. काटछाट करत नाहीत. पहिले काही महिने मी ते चहा निवेपर्यंत वाचत बसायची. सिनेमाबद्दल त्यात फारसं काही नसायचं. 'पहिलेच्या मॅडम बऱ्या होत्या.' 'सर लई खाकरते, त्यायले गरम पानी द्या.' 'मॅडमनं मागच्या वेळी पन हीच साडी घातली होती.' 'दोघं भांडत नाई, मजा नाई येत.' एकानं तर लिहिलं होतं की मॅडम पुण्याच्या दिसतात. मी जन्मल्यापासून पवनारला राहते.

या सगळ्या मेसेजांमध्ये एक आवाज दर रविवारी असायचाच. लिहिलेला मेसेज नव्हे, रेकॉर्ड केलेला. मागे कढईत झारा वाजायचा, ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे, आणि त्यावर एक खणखणीत बाईचा आवाज: "मी जामवाली बोलून राह्यली." जामच्या चौकात तिचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं, हे मला तिच्या बोलण्यातूनच कळलं होतं. तिची मतं धारदार असायची. "मॅडम, तुमी म्हनता छायाचित्रन सुंदर हाय. मले थे समजून सांगा न, का नुसतं म्हनाचं म्हून म्हनता?" किंवा, "सरायनं साठ देले, तुमी बी मान हालवली. तुमाले स्वतःचं काही वाटत असन तं सांगत जा." मला राग यायचा. आणि पुढच्या रेकॉर्डिंगला कॅमेऱ्यासमोर 'छायाचित्रण सुंदर आहे' म्हणायला तोंड उघडलं की तिचा झारा आठवायचा. मग मी काय सुंदर आहे ते सांगायला लागले.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता एक मराठी सिनेमा आला. गावातलं एक कुटुंब, विनोदी आजी, तिची लाडकी लेक, लग्नाची धांदल. मध्यंतरापर्यंत थिएटर हसत होतं, मीही. मध्यंतरानंतर ती लेक बाळंतपणात जाते. ते दृश्य लांबलचक आहे आणि फार खरं आहे. सिनेमा संपला तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

आम्ही दोघांनी त्याची खूप स्तुती केली. सरांनी अठ्ठ्याहत्तर गुण दिले, त्या वर्षातले सगळ्यात जास्त. मध्यंतरानंतर काय होतं याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं आम्ही रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवलं होतं. मी कॅमेऱ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "घरच्या सगळ्यांना घेऊन जा. हसून हसून पोट दुखेल."

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी जामचा मेसेज आला. मी सवयीनं कान तयार केले, पण मागे कढई वाजत नव्हती.

"मॅडम, मी जामवाली. तुमी म्हनलं घरच्या समद्यायले घेऊन जा. म्हून मी आमच्या सासूले घेऊन गेलती हिंगणघाटले. पुढं थे बाळंतपन आलं. माही नणंद तशीच गेली, मॅडम. अकरा वर्षं झाले. सासूच्या मांडीवर गेली. म्हातारी मंधातच उठली, अंधारात तिले दरवाजाच सापडे ना. बाहेर पायरीवर जाऊन बसली. दोन दिवस झाले, धड जेवून नाई राह्यली, कोनाशी बोलून नाई राह्यली. तुमाले तं माहीत होतं न? मंग सांगितलं काऊन नाई?"

मी तो तीनदा ऐकला. मग उत्तर लिहायला घेतलं. 'ताई, झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, परंतु कथेचा मुख्य भाग उघड करणं हे इतर प्रेक्षकांवर अन्याय...' एवढं लिहून झाल्यावर मी ते वाचलं. वीज कंपनीच्या पत्रासारखं वाटत होतं. पुसून टाकलं.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, एक मेसेज आहे. बाकी सगळे चांगले आले. मनाला लावून घेऊ नका."

सरांना मेसेज पाठवला. त्यांनी थोड्या वेळानं फोन केला. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण मॅडम, आपण सांगितलं असतं तर बाकीच्यांच्या सिनेमाचं काय? प्रत्येकाच्या घरात काय झालं आहे ते आपल्याला कसं कळणार?"

"कळणार नाहीच, सर. पण ती म्हणते ते खरं आहे. आपल्याला माहीत होतं."

सर म्हणाले, "तुम्ही उत्तर काय देणार?"

"मी जामला जाऊन येते."

मला स्वतःलाच ते बोलल्यावर कळलं.

मंगळवारी सुट्टी टाकली आणि समुद्रपूरच्या एसटीनं जामला उतरले. हैदराबादकडे जाणारा आणि चंद्रपूरकडे फुटणारा असे दोन मोठे रस्ते तिथे भेटतात, त्यामुळे चौकात दिवसभर गाड्यांची वर्दळ. नाव माहीत नसल्यामुळे मी पहिल्याच पानठेल्यावर विचारलं, "टीव्हीवाल्यांना मेसेज पाठवणाऱ्या ताईंचं हॉटेल कुठलं?" ठेलेवाल्यानं पुढे काही न विचारता बोट दाखवलं.

पत्र्याचं छत, चार टेबलं, भिंतीवर एक टीव्ही. कढईपाशी चाळिशीची, ठेंगणी, भरल्या अंगाची बाई आलुबोंडे तळत होती. तिनं मला पाहिलं, झारा हातातच ठेवून पुन्हा पाहिलं.

"तुमी त्याच काय?"

"हो."

"इतक्या दूर काऊन आल्या?"

"तुमचा मेसेज ऐकला. माफी मागायला आले."

तिनं गॅस बारीक केला. एक बाक पुसून दिला. एका प्लेटमध्ये पोहे, त्यावर तर्री, वरून कांदा असं घेऊन आली आणि माझ्यासमोर आदळल्यासारखं ठेवलं. "आधी खाऊन घ्या. मंग भांडू."

मी खाल्लं. ती समोर उभीच होती. तर्री जहाल होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याचं तिनं काही मनावर घेतलं नाही.

"आमाले महिन्यातून एक दिवस भेटते," ती म्हणाली. "त्या दिवशी हॉटेल बंद ठेवतो, सासू अन् मी पिच्चरले जातो. बाकी कोठी जानं-येनं नाई आमचं. कोनता पाहाचा थे मी तुमाले पाहून ठरवते. तुमी कुठी चुकल्या, सरायनं मार्क जास्त देले, तं मी बोलते. पन इस्वास हाय म्हून बोलते न? नाई तं कोन मेसेज करत बसते?"

मी मान हलवली.

"माफीचं सोडा. मले एकच सांगा. तुमाले माहीत होतं पुढं काय हाय. तरी तुमी हासून राह्यल्या होत्या. कशा हासल्या?"

मी खरं तेच सांगितलं. "आम्ही शेवट सांगत नाही. लोकांची मजा जाऊ नये म्हणून. हसले ते पहिल्या भागासाठी. दुसरा भाग मी लपवत होते, आणि नीट लपवता आला याचा मला त्या वेळी आनंद झाला होता."

"हे बरं केलं, खरं सांगितलं तं," ती म्हणाली आणि समोरच्या बाकावर बसली. पहिल्यांदाच बसली.

मागच्या बाजूला त्यांचं घर होतं. मधला पडदा सरकवून एक म्हातारी केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पाण्याचा गडू. सुनेनं पटकन उठून तिला बसायला जागा केली. "आई, ह्या त्या टीव्हीवाल्या मॅडम. तुमची माफी मागाले आल्या."

म्हातारीनं गडू माझ्यासमोर ठेवला. तिखट लागलं असेल म्हणून पाणी आणलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "बाई, मी मंधातच उठली. थे लेकरू जगलं का?"

"कोणतं?"

"पिच्चरमधलं. पोरीचं लेकरू. जगलं का मेलं?"

सून तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. चार दिवसांत म्हातारी पहिल्यांदा एवढं बोलली होती, आणि ती चार दिवस याच एका प्रश्नापाशी बसून होती हे आम्हाला तेव्हा कळलं. मला त्यांच्या घरची पुढची गोष्ट माहीत नव्हती. ती सुनेनं नंतर सांगितली. नणंदेची मुलगी जगली होती. अल्लीपूरला बापाजवळ असते, सुट्ट्यांत इकडे येते. पण म्हातारी तिच्यासमोर तिच्या आईचं नाव काढत नाही. पोरीनं काही विचारलं तर उठून कामाला लागते.

"जगलं, आजी," मी म्हटलं. "मुलगी झाली."

"मंग?"

आणि मी शेवट सांगितला. बाबा ओट्यावर सांगायचे तसा, काही न वगळता. ती लेक जाते ते, मग घरात कोणी हसत नाही ते. मग आजी त्या बाळाला सांभाळते, बाळ मोठं होतं, एक दिवस शाळेतून येऊन विचारतं की माझी आई कशी होती. आजी आधी चिडते. मग पिठाचे हात तसेच ठेवून सांगायला बसते, तुझ्या आईला भाकरी कधी गोल जमली नाही, तिच्या भाकरीला आम्ही हसायचो. आणि नात हसते, आजीही हसते, आणि सिनेमा तिथे संपतो.

म्हातारी ऐकत होती. हॉटेलात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, त्यांना कोणी विचारत नव्हतं.

"मंग मी उठाले नाई पाहिजे होतं," म्हातारी म्हणाली. आणि सुनेकडे वळून, "मले थो पिच्चर पुरा पाहाचा हाय."

"आई, काही नोको. पुन्हा तसंच होईन."

"पोट्टीले बी न्याचं."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "सांगा मॅडम. तुमीच सांगा आता. नणंदेची पोट्टी हाय, अकरा वर्षाची. न्याव का तिले?"

कार्यक्रमात कितीतरी वेळा मी 'जरूर पाहा' म्हटलं असेल. तेवढं कठीण ते कधी वाटलं नव्हतं. मी म्हातारीला ते दृश्य कुठे सुरू होतं, किती वेळ चालतं, काय दाखवतात, किंकाळी आहे, रक्त आहे, सगळं सांगितलं. मग म्हटलं, "मी असते तर अकरा वर्षांच्या मुलीला नेलं नसतं. तुम्ही आधी पाहा. मग तुमचं तुम्ही ठरवा. मी सोबत येते."

हिंगणघाटच्या टॉकीजमध्ये गुरुवारी त्या सिनेमाचा शेवटचा दिवस होता. दुपारच्या खेळाला आम्ही तिघी गेलो. हॉटेल बंद ठेवून. म्हातारी आमच्या दोघींच्या मध्ये बसली, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची मी घेतली. आत शिरतानाच मी तिला दाराची दिशा दाखवून ठेवली होती.

पहिल्या भागात ती हसली नाही. मध्यंतरात चहा घेतला नाही. दुसरा भाग सुरू झाला तशी मी तिच्या कानाशी बोलायला लागले. "आता बैलगाडी येईल. आता दवाखान्यात नेतील. आता तीन-चार मिनिटं कठीण आहेत, आजी. डोळे मिटले तरी चालेल. झालं की मी सांगते." तिनं डोळे मिटले नाहीत. माझा हातही धरला नाही. खुर्चीचे दोन्ही दांडे तेवढे घट्ट धरून बसली. पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला. "ओ ताई, आमाले पाहू द्या न." मग त्यानं पडद्याच्या उजेडात मला निरखलं. "टीव्हीवर बी तुमीच बोलता, अन् इथी बी?"

सुनेला हसू फुटलं. त्या जागी, त्या दृश्यात, तोंडावर पदर धरून ती हसत होती आणि रडत होती. म्हातारीनं तिला कोपर मारलं. "चूप बस. पाहू दे."

भाकरीचं दृश्य आलं तेव्हा मी काही सांगितलं नाही. तिला माहीत होतं.

बाहेर आल्यावर उन्हात डोळे बारीक करून ती थोडा वेळ उभी राहिली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. "त्या आजीनं लवकर सांगितलं," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं लावले." नातीला सिनेमाला नेण्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. बसस्टँडवर तिनं एक अख्खा समोसा खाल्ला.

शुक्रवारी रेकॉर्डिंगला गेले तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आज याबद्दल बोलायचं आहे, असंही सांगितलं. मालक नाखूश होते. कार्यक्रमात माफी मागितली की लोक डोक्यावर बसतात, असं त्यांचं मत. सर मात्र चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावर म्हणाले, "पेपर तपासताना बेरीज चुकली, तर पोरगा अर्ज करायचा आणि आम्ही पुन्हा बेरीज करायचो. त्यात कमीपणा कशाचा?"

मग कॅमेरा सुरू झाला आणि त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली. मी त्यांना मध्येच तोडलं नाही. ते म्हणाले की मागच्या पंधरवड्यात सिनेमाचे गुण बरोबर होते, आमचे चुकले. कोणाच्या जखमेवर बोट ठेवणारं दृश्य असेल तर ते आहे एवढं सांगण्यानं पेपर फुटत नाही. मी जामचं नाव घेतलं नाही, फक्त म्हटलं की एका प्रेक्षक ताईंनी आमची चूक दाखवली, आणि यापुढे आम्ही गुणांच्या जोडीला सिनेमा कोणासोबत पाहावा आणि कोणी सांभाळून पाहावा तेही सांगू. ज्यांना अजून काही विचारायचं असेल त्यांनी जाण्याआधी मेसेज करावा. शेवटसुद्धा सांगू, ज्याला हवा असेल त्याला, एकट्याला.

रविवारी मेसेज आले. 'आता सगळंच सांगून टाका, टॉकीज बंद करा.' 'मॅडम रडक्या आहेत.' 'पहिलेच्या मॅडम असत्या तं असं झालं नसतं.' पण एक मेसेज असा होता: 'वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना करमत नाही. या शुक्रवारच्या सिनेमात दवाखाना आहे का?' मी तो सिनेमा पाहून आल्या आल्या उत्तर लिहिलं: दवाखाना नाही, पण एक मोठा धमाका आहे, मध्यंतरानंतर लगेच, तेव्हा त्यांना पाणी आणायला बाहेर न्या. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. 'नेलं. पाणी प्यायला लावलं. बाबांनी सिनेमाला ऐंशी दिले.'

मग असे प्रश्न येतच राहिले. कुत्रा मरतो का. सासरचा छळ दाखवला आहे का, मुलगी माहेरी आली आहे, तिला न्यायचं आहे. एका शिक्षिकेनं विचारलं की पूर दाखवला आहे का, कारण तिच्या वर्गातली एक मुलगी पुरातून वाचलेली आहे. साडीबद्दलचे मेसेज थांबले नाहीत, पण आता मी ते वाचून हसते. सरांनी खाकरण्यावर इलाज म्हणून गरम पाण्याचा थर्मास आणायला सुरुवात केली.

जामवाली मात्र बदलली नाही. पुढच्याच आठवड्यात तिचा आवाज आला, मागे झारा वाजत होता. "मॅडम, सांगाचं म्हून सांगता, पन किती येळ सांगता? आर्धा तास त्यातच गेला. पिच्चर कसा हाय थे राह्यलंच."

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस फोन वाजला. नंबर तिचाच होता, पण आवाज म्हातारीचा. तिनं मला आतापर्यंत कधी फोन केला नव्हता.

"बाई, पोट्टी आली हाय. सांगितलं तिले समदं. तिची आई कशी होती थे."

"काय म्हणाली ती?"

"आयकलं. रडली नाई. रातच्या जेवनापासून इचारूनच राह्यली. आता म्हनते, आईले कोनता पिच्चर आवडे? मले नाव नाई आठवत. तुमी शोधून द्या. त्यात हिरोईन टॅक्टर चालवते अन् शेवटी कोर्टात गाने म्हनते."

मी ग्रंथपाल आहे. नाव माहीत नसलेली पुस्तकं शोधणं हे माझं रोजचं काम. तरी हा सिनेमा मला सापडेना. शेवटी सरांना विचारलं. ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "जुना हिंदी. अतिशय टुकार. मी तेव्हा त्याला बावीस दिले असते." पण नाव त्यांना पाठ होतं, आणि तो मोबाइलवर पाहता येतो हेही त्यांनीच शोधून कळवलं.

भाऊबीज झाल्यावर मी जामला गेले. जेवणाची गर्दी ओसरली होती. सुनेनं मोबाइलची वायर भिंतीवरच्या टीव्हीला जोडली. नात बाकावर मांडी घालून बसली होती. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, फार बारीक नजरेची. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कसा हाय हा पिच्चर?"

मी म्हटलं, "मी नाही पाहिला. तू पाहून सांग."

सिनेमा खरंच टुकार होता. गाणी संपता संपत नव्हती. हिरो बंदुकीच्या गोळ्या चुकवत होता. सून मधूनच उठून आलुबोंडे काढत होती, एक ट्रकवाला चहाचा ग्लास हातात घेऊन उभ्या उभ्या पाहत होता. आणि मग हिरोईन शेतात आली, साडीचा पदर कमरेला खोचला, ट्रॅक्टरवर चढली आणि खलनायकाच्या जीपच्या मागे लागली. म्हातारी पुढे सरकली.

"हे," ती म्हणाली. "इथी थे उभी राहून टाळ्या वाजवे. मांगचे लोक ओरडत, बस न बाई खाली. बसे नाई."

"आईले टॅक्टर येत होता?"

"येत नोता. शिकाचा होता तिले. तुह्या आज्याले म्हने, मले शिकवा. थे म्हनत, पोरीची जात. मंग तुह्या बापाले म्हने. त्यानं एकदा वावरात बसवलं होतं तिले. बांधावर चढवला तिनं."

पोरगी हसली. मग तिनं टीव्हीला जोडलेला सुनेचा मोबाइल हातात घेतला, बोटानं सिनेमा मागे नेला, हिरोईन पदर खोचते तिथपर्यंत, आणि म्हणाली, "पुन्हा पाहू."

आम्ही पुन्हा पाहिलं. ट्रकवाल्यानं चहाचा दुसरा ग्लास मागितला आणि बाकावर जागा करून बसला.